नंदभाषा ते गोंडी अंकनामे : रचित भाषेतील संख्या आणि परिमाणे

१

माणूस जाणीवपूर्वक भाषा घडवू लागतो, तेव्हा अंकनामे हा त्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा भाग असतो. ‘एक’ ते ‘दहा’ हा शब्दसमूह लहान असतो, बंदिस्त असतो आणि क्रमाने बांधलेला असतो. त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ निःसंदिग्ध असल्यामुळे जुन्या शब्दाच्या जागी नवा शब्द ठेवला तरी अर्थाची हानी होत नाही. ‘माया’ किंवा ‘अब्रू’ या शब्दांना पर्याय घडविणे कठीण आहे. ‘सात’ या शब्दाला पर्याय घडविणे तितके कठीण नाही.

परंतु संख्या व्यवहारात एकटी येत नाही. सात रुपये, सात पायल्या, सात कोस, सातजण अशा रूपात ती येते. संख्येबरोबर परिमाण येते, आणि काय मोजले जात आहे याचे भानही येते. रचित भाषांची खरी परीक्षा येथे होते. अंकनाम शब्दकर्त्याला घडविता येते, परिमाण मात्र व्यवहार घडवितो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम युरोपातील दोन रचित भाषांचा, नंतर मराठी व्यापाऱ्यांच्या नंदभाषेचा आणि शेवटी चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील गोंडी अंकनामांचा विचार केला आहे.

‘रचित भाषा’ ही संज्ञा येथे थोड्या व्यापक अर्थाने वापरली आहे. एका व्यक्तीने आखलेली आंतरराष्ट्रीय भाषा, एखाद्या व्यवसायगटाने स्वतःपुरती बनविलेली सांकेतिक भाषा, आणि जिवंत भाषेचे नियोजनपूर्वक सिद्ध केले जाणारे प्रमाण रूप, असे तिचे तीन प्रकार मानता येतील. गोंडी ही प्राचीन व नैसर्गिक द्राविडी भाषा आहे. तिच्या बाबतीत ‘रचित’ हे विशेषण केवळ तिच्या प्रमाणीकरणाला, लिपींना व नवशब्दांना लागू आहे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे.

२

योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने १८७९-८० मध्ये ‘व्होलाप्युक’ ही भाषा सिद्ध केली. तिच्यात एक ते पाच या संख्या बाल, तेल, किल, फोल, लुल अशा आहेत. ‘दहा’साठी मात्र श्लायरने वेगळा शब्द घडविला नाही. ‘बाल’ या शब्दाचे अनेकवचन ‘बाल्स’ म्हणजे दहा, आणि ‘तेल’चे अनेकवचन ‘तेल्स’ म्हणजे वीस, अशी त्याची योजना होती. कागदावर ही योजना सुटसुटीत दिसते. परंतु केवळ एका अंत्य व्यंजनाने एक आणि दहा यांत भेद करावयाचा, तर ऐकण्यातील एक लहानशी चूक व्यवहार दसपट बिघडवू शकते. १९३१ मध्ये आरी द योंग याने या भाषेची सुधारित आवृत्ती तयार केली, तेव्हा दहासाठी ‘देग’ असा स्वतंत्र शब्द आणण्यात आला. संख्यावाचक शब्द एकमेकांपासून कानाला पुरेसे वेगळे असले पाहिजेत, असा बोध यातून घेता येतो.

झामेनहोफने १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एस्परांतोने हा धडा आरंभापासूनच पाळलेला दिसतो. उनु, दु, त्रि, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाउ, देक असे दहा शब्द आणि शंभर व हजार यांचे दोन शब्द एवढ्यावर सारी संख्याव्यवस्था उभी राहते. एकवीस म्हणजे ‘दुदेक उनु’, म्हणजेच ‘दोन-दहा एक’. अपूर्णांक, पट आणि समूह यांसाठी प्रत्यय आहेत. ‘दुओनो’ म्हणजे अर्धा, तर ‘दुओपे’ म्हणजे दोघे मिळून. मराठी विद्यार्थ्याला एक ते शंभरपर्यंतची बहुतेक नावे स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. ‘बेचाळीस’ या शब्दात ‘दोन’ आणि ‘चाळीस’ दडलेले आहेत, पण ते शोधावे लागतात. एस्परांतोत असे शोधण्यासारखे काही उरत नाही.

मात्र एस्परांतोभाषकांनी परिमाण घडवावयास घेतले, तेव्हा निराळाच अनुभव आला. भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांचे बंधू रने द सोस्यूर यांनी १९०७ मध्ये ‘स्पेस्मिलो’ हे आंतरराष्ट्रीय चलन सुचविले. एक हजार ‘स्पेसो’ म्हणजे एक स्पेस्मिलो, आणि त्याचे मूल्य सोन्याच्या ठरावीक वजनाशी बांधलेले होते. नाव सुबक होते, हिशेब दशमान होता, काही एस्परांतो संस्थांनी व एका बँकेने त्याचा उपयोगही केला. पहिल्या महायुद्धानंतर ते वापरातून गेले. ज्या नाण्यात मजुरी मिळत नाही आणि ज्यात भाजी विकत घेता येत नाही, त्याचे नाव कितीही सुंदर असले तरी ते नावच राहते. एस्परांतोचे ‘उनु, दु, त्रि’ मात्र आजही वापरात आहेत.

३

मराठीच्या परंपरेत संख्यांची रचित भाषा नवी नाही. संस्कृत ज्योतिषग्रंथांतून आलेली भूतसंख्या आपल्या जुन्या ग्रंथांच्या कालनिर्देशांत आढळते. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच. अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, हा तिचा संकेत. येथे प्रत्येक अंकाला अनेक पर्याय असतात, कारण ही व्यवस्था छंदाच्या सोयीसाठी आहे. कवीला ज्या मात्रांचा शब्द हवा तो त्याने घ्यावा. तिला गुप्तता नको आहे, आणि परिमाणही नको आहे. शक कोणता हे सांगितले की तिचे काम संपते.

नंदभाषेचा हेतू याच्या अगदी उलट आहे. मराठी दुकानदार व दलाल यांनी गिऱ्हाइकाच्या देखत आपसांत भाव बोलता यावा यासाठी वापरलेली ही सांकेतिक भाषा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि पुढे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२-३८) तिची दखल आहे. तिची पहिली दहा अंकनामे अशी : केवली (एक), अवारू (दोन), उधानू (तीन), पोकू (चार), मुळू (पाच), शेली (सहा), पवित्र (सात), मंगी (आठ), तेवसू किंवा लेवनू (नऊ), अंगुळू (दहा). दहाच्या पुढील काही संख्यांनाही स्वतंत्र शब्द आहेत. शंभराला ‘बिटी’ असा शब्द आहे.

या शब्दांची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट म्हणजे, ‘एक’ आणि ‘केवली’, ‘पाच’ आणि ‘मुळू’ यांत ऐकणाऱ्याला धागा सापडेल असे ध्वनिसाम्य नाही. परिसरातील द्राविडी भाषांशीही या शब्दांचा मेळ बसत नाही. तेलुगूत ‘मूडु’ म्हणजे तीन; येथे ‘मुळू’ म्हणजे पाच. म्हणजे तेलुगू जाणणारे गिऱ्हाईकही अंदाजाने चुकावे. दुसरी गोष्ट, अवारू, उधानू, पोकू, मुळू, तेवसू, अंगुळू या सहा शब्दांचा शेवट ‘ऊ’ने होतो, तर केवली, शेली व मंगी यांचा ‘ई’ने. अंत्य स्वरांची ही समानता शब्दांना एका घरचे रूप देते, पण त्यांचे आरंभीचे ध्वनी इतके भिन्न आहेत की बाजाराच्या गलबल्यात एकाऐवजी दुसरा ऐकू येण्याची शक्यता कमी. श्लायरला जे उशिरा उमगले ते या व्यापाऱ्यांना व्याकरण न लिहिताच साधले होते, असे म्हणता येईल. तिसरी गोष्ट, ‘पवित्र’ हा नित्य परिचयाचा शब्द येथे संख्येसाठी योजला आहे. गिऱ्हाइकाला तो ऐकू येतो, समजतोही. पण तो भाव आहे हे कळत नाही. अपरिचित शब्दापेक्षा परिचित शब्दाचा आडोसा कधीकधी अधिक दाट असतो.

४

आता परिमाणाकडे वळू. नंदभाषेत आण्याला ‘फाटा’ म्हणत. ‘अवारू फाटा’ म्हणजे दोन आणे, ‘मंगी फाटा’ म्हणजे आठ आणे. येथे एक महत्त्वाची मर्यादा दिसते. आण्याचे नाव बदलले, पण आणा बदलला नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, हा हिशेब सरकारचा आणि सर्व बाजाराचा होता. तो जसाच्या तसा या भाषेने घेतला. संख्येआधी परिमाण न ठेवता नंतर ठेवण्याचा क्रमही मराठीचाच राहिला. तात्पर्य, नंदभाषा ही मराठीच्या सांगाड्यावर चढविलेला दुसरा पोशाख आहे. शब्द नवे, गणनेचा साचा जुना.

गुरांच्या बाजारात उपरण्याखाली वा रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही हेच आढळते. बोटे संख्या सांगतात. ती संख्या दहाची, शंभराची की हजाराची, हे समोरच्या बैलावरून व चालू बाजारभावावरून दोघांनी समजून घ्यावयाचे असते. परिमाण सांकेतिक भाषेच्या बाहेर, व्यवहारात वसते.

म्हणूनच परिमाण बदलले की सांकेतिक भाषेचा आधार सुटतो. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर शेर, मण यांची जागा टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमने घेतली. सर्वसामान्य मराठीने या बदलातून वाट काढली. ‘चार आणे’ म्हणजे पंचवीस पैसे, ‘आठ आणे’ म्हणजे पन्नास पैसे असा नवा अर्थ जुन्या शब्दांनी धारण केला. पंचवीस पैशांचे नाणे २०११ मध्ये चलनातून गेले तरी ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार शिल्लक आहे. नंदभाषेतील ‘फाटा’ला असा पुनर्जन्म मिळाला नाही. लाखो लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दाला नवा अर्थ घेता येतो. मूठभरांनी लपवून ठेवलेल्या शब्दाला ती संधी मिळत नाही, असे याचे स्पष्टीकरण संभवते.

नंदभाषेची आणखी एक मर्यादा भाषाभ्यासकाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठीत आपण ‘दोन पुस्तके’ म्हणतो, पण माणसांविषयी ‘दोघे’, ‘दोघी’, ‘तिघे’, ‘चौघी’ असे म्हणतो. चारच्या पुढे ही रूपे थांबतात आणि ‘पाचजण’, ‘सहाजणी’ अशी योजना करावी लागते. नंदभाषेच्या वर दिलेल्या शब्दांत असा भेद नाही. त्याचे कारण उघड आहे : त्यांना माणसे मोजावयाचीच नव्हती. रचित भाषेची संख्याव्यवस्था तिच्या कर्त्यांना काय मोजावयाचे होते याची साक्ष देते.

५

माणूस आणि वस्तू यांची गणना वेगळी ठेवण्याचा हा धागा आपल्याला थेट चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात घेऊन जातो. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात मराठी व झाडीबोली, गोंडी, भामरागडकडील माडिया आणि सिरोंचा भागातील तेलुगू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. तेलुगूत वस्तूंसाठी ‘रेंडु, मूडु, नालुगु’ आणि माणसांसाठी ‘इद्दरु, मुग्गुरु, नलुगुरु’ अशी वेगळी रूपे आहेत. गोंडीत सर्वसाधारण गणना ‘उंदी, रंड, मूंद, नालुंग, सयुंग, सारुंग, येरुंग’ अशी सातपर्यंत चालते. पण पुरुष मोजताना ‘इर्वुर’, ‘मुवुर’, ‘नालवुर’ यांसारखी रूपे येतात. प्रदेशानुसार उच्चार बदलतात, तत्त्व तेच राहते. गोंडीत नामांचा मुख्य भेद पुल्लिंगी व अ-पुल्लिंगी असा असल्यामुळे स्त्रियांची गणना वस्तूंच्या बाजूला जाते, तर तेलुगूत स्त्री-पुरुष एकत्र मोजले जातात. मराठीने ‘दोघे’ व ‘दोघी’ असे दोन्ही बाजूंना वेगळे रूप दिले आहे. एकाच जिल्ह्यातील तीन भाषा माणसाची मोजणी अशी तीन प्रकारे करतात.

गोंडीच्या अंकनामांत आठपासून पुढे मात्र अडचण सुरू होते. उत्तरेकडील काही बोलींत आठसाठी ‘अर्मुर’, नऊसाठी ‘उनमाक’ असे शब्द नोंदलेले आहेत. दहासाठी ‘पद’ व शंभरासाठी ‘नूर’ हे द्राविडी शब्दही आहेत. परंतु बहुसंख्य गोंडीभाषक आठच्या पुढे मराठी, हिंदी वा तेलुगूकडून घेतलेल्या शब्दांनी मोजतात. हे भाषेचे दारिद्र्य समजण्याचे कारण नाही. मोठ्या संख्या बाजार, सावकार, सारा व सरकार यांच्याबरोबर आल्या, आणि ज्यांच्याशी तो व्यवहार झाला त्यांचीच अंकनामे त्यासाठी घेतली गेली. मराठीने ‘डझन’ आणि ‘टन’ असेच घेतले आहेत.

६

आता गोंडीभाषक समाज आपल्या भाषेचे प्रमाण रूप घडवू पाहत आहे. या प्रयत्नाचा आरंभ लिपीपासून झाला. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला या गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे दुसरी एक लिपी प्रकाशात आली. या दोन्ही लिपींना शून्य ते नऊ असे स्वतःचे अंक आहेत, आणि संगणकासाठीच्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत त्यांचा अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये समावेश झाला. विविध राज्यांतील गोंडीभाषकांच्या कार्यशाळांतून तयार झालेला समान गोंडी शब्दकोशही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

अंकचिन्हांचा प्रश्न अशा रीतीने सुटला. अंकनामांचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. गोंडीच्या बोलींत शब्दारंभीचा ‘स’ दक्षिणेकडे जाताना ‘ह’ होतो आणि त्याही पुढे लुप्त होतो. ‘पाच’ व ‘सहा’ या दोन्ही अंकनामांचा आरंभ याच ध्वनीने होत असल्यामुळे ‘सारुंग’, ‘हारुंग’, ‘आरुंग’ यांपैकी प्रमाण कोणते, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर केवळ ध्वनिशास्त्राने मिळत नाही. छिंदवाड्याचे रूप निवडले तर भामरागडच्या मुलाला आपलीच भाषा परकी वाटण्याचा संभव आहे. दुसरा प्रश्न अकराच्या पुढचा. ‘पद’ आणि ‘उंदी’ जोडून अकरा घडविणे शक्य आहे, आणि तसे केले तर ती व्यवस्था एस्परांतोसारखी पारदर्शक होईल. पण ज्या आजीने आयुष्यभर ‘अकरा’ म्हटले तिला ती आपली वाटेल काय?

मराठीलाही हा अनुभव अपरिचित नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली होती : अंक लिहिण्याचा क्रम आणि नाव उच्चारण्याचा क्रम एक असल्यास मुलांना जोडाक्षरयुक्त कठीण नावांचा जाच होत नाही. नॉर्वेने १९५१ मध्ये असाच बदल शासकीय निर्णयाने केला, तरी जुनी पद्धत तेथील बोलण्यात पुढेही दीर्घकाळ टिकून राहिली. शालेय सोय आणि भाषिक सवय यांतील हा ताण गोंडीच्या वाट्याला अधिक तीव्रतेने येणार आहे, कारण तिच्या मागे शाळेचे पाठबळ अत्यल्प आहे. गोंडीला अद्याप राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. अशा स्थितीत धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, या घटनेचे महत्त्व ध्यानात येते.

७

शाळेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे ठिकाण म्हणजे तेंदूपत्ता संकलनाचे केंद्र. या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांची उन्हाळ्यातील रोकड मिळकत तेथे ठरते. तेथील परिमाणे शाळेच्या पुस्तकातील नव्हेत. महाराष्ट्रात सत्तर पानांचे एक पुडके होते. लगतच्या छत्तीसगडमध्ये ते पन्नास पानांचे असते. मजुरीचा दर शंभर पुडक्यांवर, म्हणजे शेकड्यावर सांगितला जातो. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. म्हणजे महाराष्ट्रात एका ‘शेकड्या’त सात हजार पाने असतात, सीमेपलीकडे पाच हजार. शब्द एकच, संख्या तीच; पण तिच्यामागील परिमाण बदलले की राबणाऱ्या हातांचे श्रम बदलतात. ‘शंभर’ला गोंडीत ‘नूर’ म्हटले काय किंवा ‘शेकडा’ म्हटले काय, पुडक्यात किती पाने बांधावयाची हे कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे.

येथे नंदभाषेची आठवण पुन्हा होते. ती विकणाऱ्याची भाषा होती आणि गिऱ्हाइकाला भाव कळू नये यासाठी घडविली गेली. गोंडीची प्रमाण अंकनामे घडविण्यामागील प्रेरणा याच्या उलट आहे : हिशेब लपविण्यासाठी नव्हे, तर तो आपल्या भाषेत समजावा व मांडता यावा यासाठी. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. किती पुडकी आली, काय दर ठरला, कोणाला किती रक्कम देणे आहे, याची नोंद गावाच्या वहीत होऊ लागली आहे. त्या वहीची भाषा कोणती असेल, यावर नव्या अंकनामांचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील.

व्होलाप्युकच्या ‘बाल्स’ने दाखविले की अंकनाम कानाला निःसंदिग्ध असले पाहिजे. स्पेस्मिलोने दाखविले की व्यवहाराविना परिमाण जगत नाही. नंदभाषेने दाखविले की उसने परिमाण गेले की त्यावर बेतलेले शब्दही जातात. या तिन्हींचा बोध गोंडीच्या संदर्भात एकत्र येतो. कोशात ‘पद’ आणि ‘नूर’ यांना स्थान मिळाले, ही आवश्यक पायरी आहे. परंतु ती पुरेशी नाही. ज्या दिवशी ग्रामसभेच्या बैठकीत पुडक्यांचा हिशेब गोंडीत वाचून दाखविला जाईल आणि एखादी वृद्ध स्त्री तो ऐकून त्यातील चूक दाखवून देईल, त्या दिवशी ती अंकनामे रचित राहणार नाहीत. ती भाषेची झालेली असतील.

मराठीच्या अध्यापकांनी या प्रक्रियेकडे दुरून पाहू नये. आपल्या वर्गात गोंडी, माडिया, तेलुगू व कोलामी घरांतून आलेले विद्यार्थी बसतात. ‘दोघे-तिघे-चौघे’ ही रूपे शिकविताना ‘इर्वुर’ व ‘इद्दरु’ यांचा उल्लेख केल्यास मराठीचे व्याकरण अधिक स्पष्ट होईल, आणि त्या विद्यार्थ्यांना आपली भाषा वर्गाच्या आत आल्याचा अनुभव मिळेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आठवडी बाजारांतील व संकलन केंद्रांवरील गणनेचे शब्द तालुकावार नोंदविल्यास प्रमाणीकरणाच्या कामालाही ती मोलाची सामग्री ठरेल. नंदभाषा निदान दोन कोशांत उतरली म्हणून आज तिचा विचार करता येतो. अरण्यप्रदेशातील बाजारांत रोज बोलल्या जाणाऱ्या गणनेची नोंद ती बोलली जात आहे तोवर करणे, हे आपल्या हाती आहे.